ओपनबीएसडीचा राउटर: एका पानात मावणारी फायरवॉल

ज्या संगणकाला दोन नेटवर्क पोर्ट आहेत, तो राउटर होऊ शकतो. एका पोर्टात इंटरनेटची वायर, दुसऱ्यात आपल्या नेटवर्ककडे जाणारी. इकडून आलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, तिकडे द्यायचं, तिकडचं इकडे, आणि देण्याआधी ते द्यावं की नाही हे ठरवायचं. राउटरचं काम एवढंच. इंटरनेट पुरवठादार जो छोटा डबा बसवून जातो त्याच्या पोटातही असाच एक संगणक असतो: प्रोसेसर, थोडी मेमरी, एक ऑपरेटिंग सिस्टीम. पण त्या डब्यात कोणता निर्णय कुठे लिहिला आहे हे आपल्याला वाचता येत नाही. बनवणाऱ्याने अपडेट देणं थांबवलं की तो आहे त्या भोकांसकट वर्षानुवर्षं तसाच चालू राहतो.

त्या डब्याच्या जागी मी एक छोटा, पंखा नसलेला संगणक ठेवला आणि त्यात ओपनबीएसडी नावाची ऑपरेटिंग सिस्टीम घातली, त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या नेटवर्कमध्ये काय येतं, काय जातं आणि काय अडतं याचं उत्तर एका साध्या मजकुराच्या फाइलीत आहे. छापली तर जेमतेम एक पान भरेल. नुसता वेग हवा असेल किंवा बटणं दाबून सगळं व्हावं असं वाटत असेल, तर दुसरे मार्ग आहेत. आपला राउटर आपल्याला वाचता आला पाहिजे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मात्र याच्याइतका सरळ मार्ग मला दुसरा दिसलेला नाही.

ओपनबीएसडी हे नाव फार जणांच्या ओळखीचं नाही, पण तिच्या घरची एक वस्तू जगातल्या बहुतेक सर्व्हरवर आहे. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन करताना बहुधा जो प्रोग्रॅम चालतो तो ओपनएसएसएच, आणि तो १९९९ मध्ये याच प्रकल्पात तयार झाला. प्रकल्प त्याच्याही आधीचा. थिओ डी राट हे नेटबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या संस्थापकांपैकी एक. तिथल्या मंडळींशी मतभेद झाल्यावर १९९५ मध्ये त्यांनी कॅनडातल्या कॅलगरीहून वेगळी चूल मांडली. तेव्हापासून या मंडळींचा एक हट्ट कायम आहे: कोड पुन्हा पुन्हा वाचून चुका काढायच्या आणि जे लागत नाही ते सुरुवातीपासून बंद ठेवायचं. नव्याने इन्स्टॉल केलेल्या ओपनबीएसडीत बाहेरच्यांसाठी जवळजवळ काहीच उघडं नसतं. राउटर म्हणजे घराचा उंबरठाच, त्यामुळे तिथे हा स्वभाव कामी येतो.

फायरवॉल म्हणजे काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम. तिची गोष्टही त्याच हट्टातून निघालेली आहे. आधी तिथे आयपीफिल्टर नावाची दुसऱ्याची फायरवॉल वापरत असत. २००१ मध्ये तिच्या परवान्यावरून वाद झाला आणि ती काढून टाकण्यात आली. मग डॅनियल हार्टमायर यांनी नवी लिहायला घेतली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ३.० आवृत्तीबरोबर पीएफ, म्हणजे पॅकेट फिल्टर, लोकांच्या हाती आली. पुढे ती फ्रीबीएसडी या भावंड सिस्टीमने घेतली, मॅकओएसमध्येही गेली. पीएफसेन्स हे राउटरचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर ज्या पीएफच्या नावावर आहे ती हीच.

संगणक राउटर कसा होतो

इन्स्टॉल करणं सोपं आहे. पडद्यावर एकेक प्रश्न येतो, बहुतेकांना एंटर दाबलं तरी चालतं. त्यात वेळ घालवत नाही.

त्यानंतर पहिल्यांदा नजरेत भरतात ती पोर्टांची नावं. ओपनबीएसडीत पोर्टाचं नाव त्याच्या ड्रायव्हरवरून पडतं. इंटेलची अनेक गिगाबिट कार्डं ईएम या ड्रायव्हरवर चालतात, म्हणून पोर्ट झाले ईएम० आणि ईएम१. रियलटेकची असतील तर आरई०, आरई१. प्रत्येक पोर्टाची एक छोटी फाइल असते. बाहेरच्या पोर्टाच्या फाइलीत एकच ओळ लिहायची, की पत्ता पुरवठादाराकडून आपोआप घे. आतल्या पोर्टाच्या फाइलीतही एकच ओळ: तुझा पत्ता १९२.१६८.१.१.

एवढ्याने संगणक दोन्हीकडे जोडला जातो, राउटर होत नाही. साध्या संगणकाकडे दुसऱ्याच्या नावचं पॅकेट आलं तर तो ते टाकून देतो, आणि ते बरोबरच आहे. दुसऱ्याचं टपाल पुढे पाठवायची परवानगी कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, वेगळी द्यावी लागते. तिला फॉरवर्डिंग म्हणतात. एका सेटिंगची किंमत शून्याची एक करायची, बस. ही ओळ सुटली तर बाकी सगळं बरोबर असूनही आतल्या एकाही संगणकाला बाहेरचं जग दिसत नाही. माझ्याकडे कुणी "सगळं केलं तरी चालत नाही" म्हणून आलं की मी सर्वांत आधी हीच ओळ पाहतो.

आतल्या यंत्रांना पत्ते वाटायला डीएचसीपीचा सर्व्हर लागतो आणि नावांवरून पत्ते शोधायला डीएनएसचा. दोन्ही सिस्टीमबरोबरच येतात, बाहेरून काही आणावं लागत नाही. डीएनएससाठी अनबाउंड आहे. एकदा शोधलेलं उत्तर ते लक्षात ठेवतं, आणि जिथे डीएनएसची सही उपलब्ध आहे तिथे ती तपासूनही घेऊ शकतं.

शेवटचा शब्द ज्याचा, त्याचा खरा

आता खऱ्या गाभ्याकडे. पीएफची नियमांची फाइल वाचायची पद्धत सुरुवातीला उलटी वाटते. इतर बऱ्याच फायरवॉलमध्ये जो नियम आधी जुळतो तो लागू होतो. पीएफ सगळी फाइल वरपासून खालपर्यंत वाचते आणि जो सर्वांत शेवटी जुळला त्याचं ऐकते. एखाद्या नियमाला "क्विक" हा शब्द जोडला तरच तो जुळल्याबरोबर वाचन तिथे थांबतं.

हे एकदा अंगवळणी पडलं की लिहिणं फार नैसर्गिक होतं, कारण आपण बोलताना असंच बोलतो. आधी सरसकट सांगतो आणि मग अपवाद. माझ्या फाइलीचा सांगाडा बोलीभाषेत मांडला तर असा: सगळं अडव. बाहेर जाणारं जाऊ दे. आतल्या पोर्टावरून जे येईल ते येऊ दे. पाहुण्यांच्या वायफायवरून आलेलं माझ्या फाइल सर्व्हरकडे जाऊ देऊ नको. चार वाक्यं, आणि पीएफमध्येही साधारण चारच ओळी. चौथी ओळ तिसरीच्या वर नेली तर ती फुकट जाते, कारण मग शेवटचा शब्द तिसरीचा होतो.

इथे नवशिके अडखळतात ती एक गोष्ट सांगायला हवी. राउटरमधून जाणारं पॅकेट पीएफला दोनदा भेटतं: एकदा आतल्या पोर्टातून शिरताना आणि एकदा बाहेरच्या पोर्टातून निघताना. शिरण्याची परवानगी असून निघण्याची नसेल तर पॅकेट मधल्या मध्ये अडतं. नियमातले "इन" आणि "आउट" हे शब्द नेहमी राउटरच्या जागेवर उभं राहून वाचायचे. "इन" म्हणजे माझ्या घरात येणारं असा अर्थ घेतला की गोंधळ झालाच. इंटरनेटकडे निघालेलं पॅकेट आतल्या पोर्टावर "इन"च असतं.

पोर्टाचं नाव नियमात थेट लिहायची गरज नसते. ज्या पोर्टातून इंटरनेटकडे वाट जाते तो आपोआप "इग्रेस" नावाच्या गटात जातो. नियमात इग्रेस लिहिलं की उद्या कार्ड जळालं आणि दुसऱ्या कंपनीचं बसवलं तरी नियमांना हात लावावा लागत नाही.

मग उत्तरं आत कशी येतात? "सगळं अडव" म्हटल्यावर वेबसाइटने पाठवलेलं पानही अडायला हवं. ते अडत नाही, कारण पीएफ एक वही ठेवते. आतल्या संगणकाने एखाद्या सर्व्हरकडे पहिलं पॅकेट पाठवलं की ते सगळ्या नियमांतून जातं. परवानगी मिळाली की वहीत नोंद होते: अमुक पत्ता, अमुक पोर्ट क्रमांक (हा वायरीचा पोर्ट नव्हे, संवाद ओळखायचा आकडा), समोर तमुक. याला स्टेट म्हणतात. त्यानंतर दोन्ही दिशांनी येणारी त्या संवादातली पॅकेटं नियमांकडे जातच नाहीत, वहीत नाव सापडलं की पुढे. बाहेरून कुणी न विचारता दार ठोठावलं तर त्याचं नाव वहीत नसतं, मग त्याला नियमांसमोर उभं राहावं लागतं आणि तिथे "सगळं अडव" आहेच.

ही वही नुसते पत्ते जुळवत नाही. टीसीपी या जोडणी बांधून बोलण्याच्या पद्धतीत प्रत्येक पॅकेटवर क्रमांक असतो, आणि आलेला क्रमांक चालू संवादात शोभेल असाच आहे का हेही पीएफ तपासते. म्हणून दुसऱ्याच्या नावाने मध्येच बनावट पॅकेट घुसवणं कठीण होतं. नोंदी कायमच्या नसतात. स्थिर झालेल्या टीसीपी जोडणीत काहीच हालचाल झाली नाही तर मूळ सेटिंगनुसार २४ तासांनी नोंद पुसली जाते. वही कधीही उघडून पाहता येते, आणि मला तो पडदा फार आवडतो. या क्षणी कोणतं यंत्र जगात कुणाशी बोलतंय, ते समोर ओळीने दिसतं.

कंसाची गोष्ट

आयपीव्ही४ ही इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत. तिचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, म्हणजे माणशी एकसुद्धा नाही. म्हणून पुरवठादार आपल्याला एकच पत्ता देतो आणि आतली सगळी यंत्रं त्याच्यामागे राहतात. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे १० आणि १७२.१६ ने सुरू होणाऱ्या पट्ट्यांसारखे खासगी वापराला राखून ठेवलेले आहेत. इंटरनेटवर त्यांच्याकडे जायची वाट नाही. तेव्हा १९२.१६८.१.२० या यंत्राचं पॅकेट बाहेर जाताना राउटर पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून तिथे स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहितो. पोर्ट क्रमांकही बदलतो. पीएफ मूळ सेटिंगनुसार तो ५०००१ ते ६५५३५ मधून निवडते. कुणाचं काय बदललं याची नोंद त्याच वहीत. उत्तर आलं की वही पाहून उलट बदल करायचा आणि मूळ यंत्राकडे द्यायचं. हेच नॅट, आणि पीएफमध्ये ते एका ओळीत होतं.

त्या एका ओळीने मला एक धडा दिलाय. सुरुवातीला मी लिहिलं होतं की आतलं पॅकेट बाहेर जाताना ईएम० चा पत्ता लाव. काही आठवडे सगळं छान चाललं. एका रात्री बाहेरची लाइन तुटून परत आली आणि आतलं एकही यंत्र इंटरनेटवर जाईना. राउटरवर बसून पाहिलं तर राउटरला स्वतःला सगळं जग दिसत होतं. मी वायर बदलली, स्विच बंद करून चालू केला, कशाचा उपयोग नाही. शेवटी बाहेरच्या पोर्टावर टीसीपीडम्प लावला. तो पोर्टावरून जाणारं प्रत्येक पॅकेट दाखवतो. आतल्या यंत्रांची पॅकेटं बाहेर जात होती, पण पाठवणाऱ्याच्या जागी कालचा पत्ता होता. लाइन परत आली तेव्हा पुरवठादाराने नवा पत्ता दिला होता, आणि पीएफने माझी फाइल वाचताना ईएम० च्या जागी तेव्हाचा पत्ता कायमचा लिहून ठेवला होता. उत्तरं कुणा भलत्याच्याच दारात जात होती.

उपाय म्हणजे नावाभोवती गोल कंस. कंसात लिहिलेला पोर्ट म्हणजे "त्याचा त्या क्षणी जो असेल तो पत्ता". पत्ता बदलला की पीएफ स्वतः जुळवून घेते. दोन चिन्हांचा फरक आणि माझी अर्धी रात्र. पण ती रात्र मला फुकट गेली असं वाटत नाही. चूक कुठे होती ते मला डोळ्यांनी दिसलं आणि ती माझ्याच लिहिलेल्या ओळीत होती. बंद डब्यासमोर बसलो असतो तर मी फक्त बटण दाबून तो पुन्हा सुरू केला असता.

आठ बाइट

काही पुरवठादार पीपीपीओई या पद्धतीने जोडणी देतात, म्हणजे आधी नाव आणि पासवर्ड. ओपनबीएसडीच्या कर्नलमध्ये त्याची सोय आहे. पण तिथे एक खास त्रास होतो, आणि तो ओळखता आला पाहिजे. इथरनेटच्या एका पॅकेटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातले ८ स्वतःसाठी घेतं, उरतात १४९२. आतल्या यंत्राला हे ठाऊक नसतं. ते सर्व्हरला सांगतं की मला १५०० च्या हिशोबाने पाठव. सर्व्हर पूर्ण भरलेलं पॅकेट पाठवतो, ते वाटेत मावत नाही. अशा वेळी "लहान करून पाठव" असा निरोप आयसीएमपीने, म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवायच्या पद्धतीने, मागे जायला हवा, पण कित्येक ठिकाणच्या फायरवॉल आयसीएमपी सरसकट अडवतात आणि निरोप पोचतच नाही.

लक्षणं चमत्कारिक असतात. पिंग चालतं, छोटी पानं उघडतात, मोठी पानं अर्ध्यावर लटकतात. एसएसएचने लॉगिन होतं आणि लांबलचक यादी मागितली की पडदा गोठतो. काही साइट नीट, काही अजिबात नाहीत. पाहणारा माणूस साहजिकच त्या साइटना दोष देतो. पीएफमध्ये यावर एक ओळ आहे: जोडणी सुरू होतानाच दोन्ही बाजूंना सांगायचं की एका तुकड्यात इतकाच मजकूर भरा. १४९२ मधून आयपी आणि टीसीपीच्या डोक्याचे ४० बाइट वजा केले की १४५२ येतात. मी १४४० ठेवतो, थोडी सैल जागा बरी.

याच कारणाने स्वतःच्या फाइलीत आयसीएमपी सरसकट अडवू नये. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत तर ते अजिबात चालत नाही, कारण तिथे शेजारचं यंत्र शोधण्याचं कामही आयसीएमपीव्ही६ वरच होतं. आयपीव्ही६ मध्ये सहसा नॅट नसतं, आतल्या प्रत्येक यंत्राला जगाला दिसणारा पत्ता मिळतो. म्हणजे "सगळं अडव" ही पहिली ओळ तिथे दुप्पट महत्त्वाची. ती लिहिताना आयपीची आवृत्ती नमूद केली नाही तर ती दोन्हींना लागू होते, आणि तसंच हवं.

आणखी एक सोय मी आवर्जून वापरतो. कुणी मोठी फाइल वर चढवत असेल तर त्याच लाइनवरचा दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, कारण मोडेमच्या रांगेत पॅकेटांचा ढीग साचतो. पीएफमध्ये बाहेरच्या पोर्टावर रांग बांधता येते आणि ६.२ आवृत्तीपासून त्या रांगेत प्रत्येक संवादाला त्याचा वाटा मिळेल अशी व्यवस्थाही आहे. रांगेचा वेग लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी सांगायचा, म्हणजे ढीग मोडेमात न साचता आपल्या ताब्यात राहतो.

जिथे ती कमी पडते

वायफाय हा ओपनबीएसडीचा विषय नाही. वायफायचं कार्ड लावून तिला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुरवणारं यंत्र, करता येतं, पण ड्रायव्हर मोजके आणि वेग कमी. ॲक्सेस पॉइंट वेगळा घ्यावा आणि आतल्या पोर्टाला जोडावा. वेगाचंही खरं सांगायला हवं. पॅकेटांचं काम बराच काळ प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालायचं. अलीकडच्या आवृत्त्यांत ते वाटलं जाऊ लागलंय, तरी १० गिगाबिटची लाइन पूर्ण भरायची असेल तर लिनक्स किंवा फ्रीबीएसडी पुढे आहेत. १ गिगाबिटला बऱ्यापैकी आधुनिक प्रोसेसर पुरतो. वीज अचानक गेली तर फाइल सिस्टीम पुढच्या वेळी स्वतःची पूर्ण तपासणी करते. तिला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नाही, त्यामुळे सुरू व्हायला वेळ लागतो आणि कधी तर हाताने दुरुस्ती करावी लागते. यूपीएस लावणं उत्तम. नेटवर्क कार्ड निवडताना यूएसबीवर लटकणारी टाळावीत.

दर ६ महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि दुरुस्त्या फक्त ताज्या व तिच्या आधीच्या आवृत्तीला मिळतात. म्हणजे वर्षभर दुर्लक्ष केलं की आपण उघड्यावर. पूर्वी ही कटकट होती. आता दुरुस्त्यांसाठी सिसपॅच आणि आवृत्ती बदलायला सिसअपग्रेड आहे, दोन्ही एकेका आज्ञेची कामं. तरी आवृत्ती बदलण्याआधी त्या आवृत्तीसाठीच्या सूचना वाचाव्यात, कारण ही मंडळी जुनी पद्धत चुकीची वाटली तर मागेपुढे न पाहता बदलतात. मदतीची पानं मात्र इतकी नेटकी लिहिलेली असतात की इंटरनेट बंद असतानाही राउटर दुरुस्त करता येतो. राउटरच्या बाबतीत ही गरजच असते.

सुरुवात करायची असेल तर चालू डबा काढू नका. नवा संगणक त्याच्यामागे जोडा आणि त्याच्या आतल्या पोर्टाला फक्त स्वतःचा एक संगणक लावा. पत्ता दोनदा बदलला जाईल, शिकताना त्याने काही बिघडत नाही. आतला पत्ता मात्र डब्याच्या पट्ट्यातला नको. डबा १९२.१६८.१ वापरत असेल तर तुम्ही १९२.१६८.२ घ्या. नियम बदलले की लागू करण्याआधी पीएफसीटीएल या पीएफ हाताळायच्या आज्ञेला ते नुसते तपासायला सांगा. हा तपास व्याकरणाचा असतो. तुम्ही स्वतःलाच बाहेर कोंडताय का हे तो सांगत नाही. म्हणून दुरून नियम बदलत असाल तर आधी पाच मिनिटांनी जुने नियम परत चढतील अशी आज्ञा लावून ठेवा आणि नवे चालतात हे दिसल्यावर ती रद्द करा. अडवण्याच्या नियमांना "लॉग" हा शब्द जोडा. मग अडलेलं पॅकेट कितव्या नियमाने अडलं ते पीएफलॉग० या खोट्या पोर्टावर टीसीपीडम्पने बघता येतं. दोन-तीन आठवडे हे बघत राहिलात की त्या पानावरची प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते पाठ होईल. त्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे ठेवा, मग डबा बाजूला काढा आणि बाहेरची वायर नव्या राउटरला लावा.